मत माझे की माझ्या घराचे? सुख, पैसा आणि राजकीय कल तपासण्याची एक घरगुती रीत

मुंबईत नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला "कुठे राहता?" हा प्रश्न येतो आणि त्यामागोमाग, थोड्या आडवळणाने, घर स्वतःचे की भाड्याचे याची चौकशी होते. या दोन उत्तरांवरून विचारणारा माणूस समोरच्याची नोकरी, पगार, त्याची नेहमीची लोकल आणि बहुधा त्याचे मत कोणत्या पक्षाला जाते, इतके सगळे मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. इतरांबाबत आपण असा अंदाज बिनदिक्कत बांधतो. स्वतःची मते मात्र वाचनातून, अनुभवातून आणि विचारांती आली आहेत, अशी आपली ठाम समजूत असते. पुढे दिलेली रीत हाच अंदाज स्वतःला लावून पाहण्यासाठी आहे. तिला एक वही, गेल्या बारा महिन्यांचे पासबुक आणि साधारण महिनाभराचा वेळ लागतो. वही घरात इतरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण दुसऱ्याच्या नजरेसाठी लिहिलेला जमाखर्च कधीच खरा नसतो.

ही वही मी घातली त्याला एक कारण घडले. माझे बालपण आणि अर्धे आयुष्य लालबागच्या एका पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, चाळीत गेले, आणि पुनर्विकासानंतर त्याच जागेवरच्या इमारतीत आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत असताना खालचे फेरीवाले म्हणजे आमची सोय होती आणि महापालिकेची गाडी आली की त्यांच्या टोपल्या आमच्या जिन्याखाली लपत. नव्या घरात येऊन तीन-चार महिने झाले नसतील, तोच सोसायटीच्या सभेत फाटकासमोरचे फेरीवाले हटवावेत या ठरावावर मी हात वर केला. त्या तीन-चार महिन्यांत फेरीवाल्यांविषयी मी एकही नवी गोष्ट वाचली नव्हती की ऐकली नव्हती. बदलला होता तो फक्त मजला.

आधी सुख लिहावे, राजकारण नंतर

या रीतीत क्रमाला फार महत्त्व आहे. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतील मोठ्या जनमत पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना असे आढळले की राजकारणाविषयीचे प्रश्न आधी विचारले आणि मग "तुमचे आयुष्य कसे चालले आहे?" असे विचारले, तर लोक आयुष्याला बरेच कमी गुण देतात, ही घट बेकार झालेल्या माणसाच्या समाधानात होणाऱ्या घटीच्या जवळपास जाणारी होती. म्हणून रात्रीच्या बातम्या पाहून वही उघडू नये. सकाळच्या चहाआधी किंवा रविवारी दुपारी, वर्तमानपत्र हाती घेण्यापूर्वी लिहावे.

प्रत्येक वेळी दोन नोंदी कराव्यात, कारण सुख या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली नोंद एकंदर आयुष्याची. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी कल्पावी, दहाव्या पायरीवर आपल्याला सुचेल तितके उत्तम आयुष्य आहे आणि शून्यावर सर्वांत वाईट, आणि आज आपण कितव्या पायरीवर आहोत ते लिहावे. हॅडली कॅंट्रिल या अभ्यासकाने १९६५ साली मांडलेली ही शिडी आजही जगभरच्या पाहण्यांत वापरली जाते. दुसरी नोंद कालच्या दिवसाची. दिवसाचे तुकडे पाडावेत, जसे पाणी भरणे, डबा करणे, स्टेशनपर्यंतचा रस्ता, गाडी, कचेरी, परतीची गाडी, जेवण. आणि प्रत्येक तुकड्यासमोर मन कसे होते ते एका शब्दात लिहावे. टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांकडून २००४ च्या सुमारास डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नोंदी करून घेतल्या होत्या, आणि सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास दिवसातील सर्वांत नावडत्या तुकड्यांत निघाला होता. त्या स्त्रियांनी सकाळची विरार लोकल पाहिलेली नव्हती, हे येथे नमूद करायला हवे.

मुंबईकराने प्रवासाचा तुकडा वेगळ्या शाईने लिहावा, असे मी मुद्दाम सांगतो. स्टुट्झर आणि फ्रे या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील आकडेवारीवरून दाखवले आहे की लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा स्वस्त, मोठ्या घराने व्हायला हवी, पण प्रत्यक्षात ती पूर्ण होत नाही. लांबून येणारे लोक कमी समाधानी राहतात. दादरची खोली विकून बदलापूरला दोन खोल्या जास्त घेणाऱ्या कुटुंबाने घराचे क्षेत्रफळ मोजलेले असते, दाराजवळ उभे राहून काढायचे तास मोजलेले नसतात.

पगार नव्हे, टेकू मोजावा

आता पैशाकडे वळू. बहुतेकजण येथे पगाराचा आकडा लिहितात आणि तेथेच चुकतात. पैशाने सुख वाढते का, या प्रश्नावरचे संशोधनही काही काळ अशाच एका आकड्याभोवती फिरत राहिले. काहनेमन आणि डीटन यांनी २०१० मध्ये असे मांडले की अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या भावनिक सुखात वाढ होत नाही, एकंदर आयुष्याला दिलेले गुण मात्र वाढत राहतात. पुढे मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना अशी मर्यादा आढळली नाही. मग दोन्ही बाजूंनी एकत्र बसून २०२३ मध्ये आकडे पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जाते, आणि मुळात सर्वांत दुःखी असलेल्या गटाच्या बाबतीत मात्र ते सुमारे एक लाख डॉलरनंतर थांबते. या डॉलरांचे रुपये करून आपल्या वहीत चिकटवू नयेत. तेथील भाडे, दवाखाना आणि शाळा वेगळ्या आहेत.

पगाराऐवजी घराचा टेकू किती भक्कम आहे हे दाखवणाऱ्या चार गोष्टी मी लिहायला सांगेन. उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल? महिन्याच्या आवकीतील किती भाग आधीच बांधलेला आहे, म्हणजे घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, भिशी, गावी पाठवायचे पैसे? आपल्या एकट्याच्या कमाईवर किती ताटे वाढली जातात? आणि चौथी, मुंबईत सर्वांत बोलकी: डोक्यावरच्या छपरावर आपला हक्क कोणत्या प्रकारचा आहे? मालकीचे घर, पागडी, अकरा महिन्यांचा करार, कंपनीचे क्वार्टर, पुनर्वसनाची वाट पाहणारी झोपडी, ट्रान्झिट कॅम्प, यांपैकी काय? ऐंशी हजार पगार, अकरा महिन्यांचा करार आणि चाळीस हजारांचे बांधील खर्च असलेला तरुण, आणि पस्तीस हजार निवृत्तिवेतन मिळणारी पण स्वतःच्या घरात राहणारी शिक्षिका, यांच्यात रात्री कोणाला झोप लागते याचे उत्तर पगाराच्या आकड्यात सापडत नाही.

टेकू किती डळमळीत आहे यावर डोक्याची चालही अवलंबून असते. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना एकदा तोडणीपूर्वी, हात तंग असताना, आणि एकदा तोडणीचे पैसे हाती आल्यावर त्याच प्रकारच्या कोड्यांची परीक्षा दिली गेली. माणसे तीच, पण पैसे येण्यापूर्वीची कामगिरी खालावलेली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर नंतर टीकाही झाली, तरी घरी करून पाहण्याजोगी कल्पना त्यात आहे. आपली शिडीची नोंद महिन्याच्या २८ तारखेला एकदा आणि पगारानंतर ३ तारखेला एकदा करावी. माझ्या वहीत या दोन तारखांमध्ये एका पायरीचा फरक नियमाने पडतो, आणि सरकारविषयीचे माझे शब्दही २८ तारखेला अधिक तिखट असतात.

आपण कोणाकडे पाहून रडतो

तुलनेसाठी एकच पान पुरे. गेल्या आठवड्यात ज्या माणसांकडे पाहून आपल्याला आपण मागे पडलो असे वाटले, त्यांची यादी करावी. अंबानींचे घर त्या यादीत क्वचितच येते. येतो तो शाळेतला बाकावरचा मित्र, नणंदेचा मुलगा, शेजारच्या विंगमधला माणूस. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार पाहता येतात हे कळले, तेव्हा आपल्या विभागातील मधल्या पगाराच्या खाली असलेले लोक अधिक असमाधानी झाले आणि वर असलेल्यांना मात्र विशेष आनंद झाला नाही, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले.

याच पानावर, दहा मुंबईकर कुटुंबांना ऐपतीने ओळीत उभे केले तर आपण कितवे, हे अंदाजाने लिहावे. येथे जवळजवळ प्रत्येकजण पाचवा किंवा सहावा लिहितो, कारण स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवणे ही या शहराची जुनी खोड आहे. मग आठवावे की २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. पक्के घर, घरात स्वतंत्र संडास, चालू बचत खाते आणि मुलाला खाजगी शिकवणी, इतके असलेले कुटुंब ओळीच्या मध्यावर नसून बरेच पुढे उभे असते. ही दुरुस्ती नुसती कुतूहलापुरती नाही. ब्युनोस आयर्समध्ये ज्या गरीब लोकांना आपण प्रत्यक्षापेक्षा वरच्या जागी आहोत असे वाटत होते, त्यांना खरी जागा सांगितल्यावर त्यांची गरिबांना अधिक मदत देण्याची मागणी वाढली. उलट स्वीडनमध्ये आपण समजत होतो त्यापेक्षा श्रीमंत आहोत हे कळल्यावर, विशेषतः उजव्या विचारांच्या लोकांना, अशी मदत कमी असावी असे वाटू लागले. ओळीतील जागा कळली आणि मत हलले, तर ते मत कशावर उभे होते हे वेगळे सांगायला नको.

मतांचे पान

या पानावर पक्षाचे किंवा पुढाऱ्याचे नाव लिहू नये. नाव लिहिले की मन लगेच बाजू घेते आणि पुढची तपासणी संपते. त्याऐवजी शहरातील पैशाच्या आणि जागेच्या सात-आठ प्रश्नांवर आपले मत एका वाक्यात लिहावे: झोपडपट्टीवासीयांना मोफत घर मिळावे का, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये दिलेली मालमत्ता करमाफी योग्य आहे का, पागडीच्या भाडेकरूला संरक्षण असावे का, फेरीवाल्यांना जागा कोठे द्यावी, साधी लोकल रद्द करून तिच्या जागी एसी लोकल सोडावी का, बेस्टचा तोटा तिकिटातून भरावा की पालिकेने सोसावा, मोटारींच्या रस्त्यावर खर्च आधी करावा की बसवर. प्रत्येक मतासमोर दुसरा रकाना आखावा आणि त्यात हा निर्णय झाला तर आपल्या घराला दरमहा अंदाजे किती रुपयांचा फायदा किंवा तोटा होईल, ते लिहावे. जेथे रुपयांत सांगता येत नाही तेथे वेळ, पाणी, हवा, शांतता लिहावी. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचावेत.

बहुतेकांचे रकाने अस्वस्थ करण्याइतके जुळतात. पागडीचेच पाहा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीला बांधले गेले आणि शहरातील हजारो इमारतींत शंभर-दोनशे रुपयांत कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. एकाच जिन्यावर, मालकाच्या घरात हा कायदा म्हणजे दिवसाढवळ्या लूट होती आणि भाडेकरूच्या घरात तो गरिबाचा एकमेव आधार होता. दोन्ही घरे सुशिक्षित, दोन्ही घरांत तेच वर्तमानपत्र. आणि पुनर्विकास होऊन भाडेकरू मालक झाला, की स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना तोच माणूस अकरा महिन्यांच्या कराराचे गुणगान करतो. यात त्याची लबाडी आहे असे मला वाटत नाही. त्याला आता खरोखरच तसे दिसते.

मालकीमुळे मत बदलते, की मुळात तशा मताचेच लोक मालक होतात, हा प्रश्न येथे रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ आपल्या वहीतून मिळणार नाही. त्यासाठी नशिबाने फासे टाकलेली उदाहरणे लागतात. ब्युनोस आयर्सच्या एका भागात १९८१ मध्ये लोकांनी मोकळ्या जमिनीवर वस्ती केली. १९८४ मध्ये कायदा करून सरकारने ती जमीन मूळ मालकांकडून घ्यायचे ठरवले, पण काही मालकांनी भरपाई स्वीकारली आणि काही न्यायालयात गेले. त्यामुळे शेजारीशेजारी राहणाऱ्या, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी काहींना मालकीचा कागद मिळाला आणि काहींना मिळाला नाही. रफाएल दि तेला आणि सहकाऱ्यांनी पुढे त्यांच्याशी बोलून पाहिले, तेव्हा कागद मिळालेले लोक "माणूस स्वतःच्या बळावर वर येऊ शकतो" अशा विचारांकडे अधिक झुकलेले आढळले. वस्ती तीच आणि शेजारीही तेच होते.

आपल्याकडची म्हाडाची सोडतही असाच फासा आहे. तनू कुमार या संशोधक विदुषीने मुंबईतील सोडतीत घर लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांची तुलना केली. घर लागलेले लोक स्थानिक प्रश्नांवर तक्रारी करण्यात आणि स्थानिक राजकारणात अधिक भाग घेऊ लागले, असे त्यात दिसले. ज्याच्या नावावर घर आहे त्याला गटार, पाणी आणि नगरसेवक हे विषय अचानक आपले वाटू लागतात. याची दुसरी बाजू मला दक्षिण मुंबईत दिसते. कुलाब्यासारख्या मतदारसंघात अनेक निवडणुकांमध्ये शहरातील सर्वांत कमी मतदानाच्या आसपासचे आकडे येतात. तेथील सारेच श्रीमंत नाहीत, हे खरे. पण ज्याने पाण्याला टँकर, बसला मोटार आणि सरकारी दवाखान्याला खाजगी रुग्णालय असा प्रत्येक गोष्टीला पर्याय विकत घेतला आहे, त्याला महापालिकेची निवडणूक कशाला आठवावी?

रोख रकमेच्या लॉटरीचे निष्कर्ष मात्र मिश्र आहेत. ब्रिटनमध्ये अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याला बक्षीस लागलेले लोक उजवीकडे सरकलेले आढळले. अमेरिकेतील एका अभ्यासात विजेत्यांचा वारसा कराला विरोध वाढलेला दिसला, पण व्यापक राजकीय विचारांवर फारसा परिणाम दिसला नाही. आणि घर मिळाले की सुख मिळते, असेही सरळ गणित नाही. अहमदाबादमध्ये १९८७ च्या सोडतीत गरीब कामगार स्त्रियांना शहराच्या कडेला घरे लागली; चौदा वर्षांनी पाहिले तर सुमारे एक तृतीयांश विजेत्या तेथे राहायला गेल्याच नव्हत्या आणि जवळपास तितक्याच जाऊन परत आल्या होत्या, कारण जुनी वस्ती आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे लांब राहिली. माहुलला पाठवलेल्या प्रकल्पग्रस्तांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

जेथे रकाने जुळत नाहीत

एवढे झाल्यावर सगळे मत खिशातून येते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठी गिरणगाव आठवावे. सारख्या पगाराचे, सारख्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारे, एकाच पाळीला भोंग्याबरोबर निघणारे कामगार. हिशोबाप्रमाणे त्यांचे मत एक असायला हवे होते. परंतु परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची जून १९७० मध्ये हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्याच कामगार वस्तीने शिवसेनेच्या वामनराव महाडिक यांना विधानसभेत पाठवले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा शिवसेनेच्या शाखेत बसणारे आणि लाल बावट्याखाली वाढलेले दोघेही कामगार नेते दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते, आणि १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. पोटाचा प्रश्न आणि मराठीपणाचा प्रश्न एकाच माणसाच्या मनात स्वतंत्र खोल्या करून राहत होते, आणि निवडणुकीनुसार कधी या खोलीचे दार उघडत असे, कधी त्या.

म्हणून वहीत तिसरा रकाना लागतो. त्यात प्रत्येक मतासमोर लिहावे की हे मत मी प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले: वडिलांच्या, जातीच्या किंवा गावच्या मंडळाच्या, युनियनच्या, गाडीतल्या रोजच्या ग्रुपच्या, की फोनवर आलेल्या संदेशातून. ज्या मतात आपला तोटा आहे आणि तरी आपण ते सोडत नाही, त्याच्यासमोर हा रकाना विशेष काळजीने भरावा. तेथे कधी माया सापडते, कधी तत्त्व, आणि कधी कोणाविषयीचा जुना राग.

स्वतःच्या आठवणीवर मात्र विसंबू नये, कारण आपण पूर्वीपासून असेच म्हणत होतो, असे मन सांगत राहते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याला ओळखणाऱ्या माणसाला विचारावे. मी चाळीतल्या एका मित्राला फोन करून फेरीवाल्यांचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "अरे, तूच तर तेव्हा आपल्या भाजीवाल्या मावशींची टोपली जिन्याखाली ओढून घेतलीस, आणि वर त्या साहेबाशी भांडलास. विसरलास?" मी विसरलो होतो.

जुळलेल्या रकान्याचे काय करावे

रकाने जुळले म्हणून मत खोटे ठरत नाही. गिरणी कामगार पगारवाढ मागत होता त्यात त्याचा फायदा होता, आणि मागणी रास्तही होती. जुळणी एवढेच सांगते की या मताची तपासणी अजून बाकी आहे. ती करण्याचा मला सापडलेला एकच उपाय असा: त्या निर्णयात ज्याचा तोटा आहे अशा एका खऱ्या, ओळखीच्या माणसाला समोर बसवून आपले कारण सांगावे, आणि त्यात "आम्हाला", "आमच्या सोसायटीला", "आम्ही कर भरतो" हे शब्द वापरू नयेत. मी आमच्या फाटकासमोर बसणाऱ्या फळवाल्या भाऊंना फेरीवाल्यांविषयीचे माझे मत सांगण्याचा प्रयत्न केला. रुग्णवाहिकेला वाट हवी, हे त्यांना लगेच पटले आणि त्यांनी गाडी आठ फूट सरकवून दाखवली. घाण होते, हेही त्यांनी अर्धे मान्य केले. बाकी जे काही माझ्याकडे होते ते बोलताना माझीच जीभ अडखळली, आणि घरी येऊन मी ठरावावरचे मत वहीत दुरुस्त केले.

ही वही रोज लिहायची नाही. नोकरी बदलली, घर बदलले, कर्ज फिटले, मूल कमावते झाले, निवृत्ती आली, म्हणजेच टेकू बदलला, की सहा महिन्यांनी ती पुन्हा उघडावी आणि जुनी मते झाकून नवी लिहावीत. जेथे प्रामाणिक उत्तर सुचत नाही तेथे रकाना रिकामा सोडावा. माझ्या वहीत मालमत्ता करमाफीच्या प्रश्नासमोर पहिल्या रकान्यात "योग्य" असे लिहिलेले आहे आणि दुसऱ्यात आमच्या घराचे क्षेत्रफळ, ४८० चौरस फूट. त्याखाली मी पेन्सिलीने विचारले आहे: मर्यादा ५०० ऐवजी ४५० असती तर? त्या ओळीपुढे अजून काही लिहिलेले नाही.